पाण्यातले इटुकले बेडूक: टँक, पाणी आणि पणतीतलं जेवण

माझे पहिले दोन बेडूक सात आठवड्यांत गेले. पाणी नितळ होतं, फिल्टर चालू होता, त्याच टँकमधले गप्पी आणि टेट्रा धडधाकट होते. रोज सकाळी मी खाणं टाकायचे, ते दोन मिनिटांत फस्त व्हायचं आणि सगळ्यांना मिळालं असं मी समजायचे. दुसरा बेडूक बाहेर काढला तेव्हा त्याच्या पाठीचे मणके मोजता येत होते. तो उपाशी मेला होता. खाणं त्याच्यापर्यंत पोचायच्या आत मासे ते संपवत होते.

त्यानंतर गेली नऊ वर्षं नाशिकमध्ये मी हे बेडूक पाळते आहे. "आमचा बेडूक अचानक गेला" असं कुणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: त्याला खाताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं?

आधी हा प्राणी समजून घ्या

दुकानात 'ड्वॉर्फ फ्रॉग' म्हणून मिळतो तो आफ्रिकन बेडूक, शास्त्रीय नावाने हायमेनोकायरस. काँगो, कॅमेरून, नायजेरिया या भागांतल्या जंगलांत, ओढ्याकाठच्या उथळ, संथ, पालापाचोळ्याने भरलेल्या पाण्यात तो राहतो. पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटीमीटर. आपल्या पावसाळी बेडकांसारखा तो जमिनीवर येऊन बसत नाही, जन्मभर पाण्यातच असतो. पण श्वास फुफ्फुसांनी घेतो, त्यामुळे दर काही मिनिटांनी सरळ वर झेपावून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो.

त्याला जीभ नसते. भक्ष्य तोंडाजवळ आलं की तो तोंड झटकन उघडून पाण्यासकट ते आत ओढतो आणि उरलेलं पुढच्या पायांनी तोंडात कोंबतो. नजर अधू असते. खाणं शोधायचं ते वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर. समोर पडलेली अळी सोडून तो शेजारच्या खड्यावर झडप घालतो, मग परत वळतो, परत चुकतो. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट तीन बाबींशी जोडलेली आहे: हवेवर जगणं, नाजूक त्वचा आणि जेवताना लागणारा वेळ.

टँक: बेडूक आणण्याच्या दीड महिना आधी

दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा साधा काचेचा टँक घ्या. नऊ इंचांपर्यंत भरला तर त्यात तीसेक लिटर पाणी मावतं. तीन बेडकांना ते छान पुरतं, चार म्हणजे शेवटची हद्द. एकटा ठेवू नका, सोबत असली की ते बिनधास्त हिंडतात. उंच, शोभेचे टँक नकोत, कारण प्रत्येक श्वासासाठी या जिवाला तेवढं अंतर कापावं लागतं. टेबलावर ठेवायच्या लिटरभर पाण्याच्या चौकोनी डब्यात बेडूक घालून 'भेटवस्तू' म्हणून विकतात, तो प्रकार मला बघवत नाही. त्यात ना पाणी शुद्ध राहतं, ना तापमान.

झाकण हवंच. हे बेडूक उडी मारतात, आणि बाहेर पडलेला बेडूक काही तासांत सुकून जातो. वायर आणि नळी जिथून आत जाते तिथली फट स्पंजने बुजवा. काचेचं झाकण नसेल तर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली तरी चालते. पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन इंच हवा राहू द्या.

तळाला बारीक, धुतलेली नदीची वाळू. घास घेताना खडेही तोंडात जातात, त्यामुळे हरभऱ्याएवढी रंगीत खडी टाळा. लपायला अर्धी फुटलेली मातीची कुंडी किंवा उकळून घेतलेली नारळाची करवंटी उत्तम, फक्त कडा घासून गुळगुळीत करा. पोकळीचं तोंड ऐसपैस असू द्या. हा बेडूक पाण्यात राहतो म्हणून बुडत नाही असं नाही. कुठे अडकला आणि वर येता आलं नाही, तर तो गुदमरून मरतो. देशी बदामाची वाळलेली पानं सहज मिळतात. झाडावरून आपोआप गळलेली, फवारणी न झालेली दोन पानं धुऊन टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि त्यांच्या मूळच्या पाचोळ्यासारखा आडोसाही मिळतो. जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पतींना फार उजेड लागत नाही.

फिल्टर म्हणाल तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. मोटरचा जोरदार फिल्टर या संथ पाण्यातल्या प्राण्याला दिवसभर ढकलत राहतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येतं.

आता सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी. विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा आणि थेंबांच्या टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टँक तयार. ओळखीच्या कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्याकडून वापरलेला स्पंज मागून आणा, बरेच दिवस वाचतात. बेडूक आधी आणून मग टँक 'बसवू' म्हणणाऱ्यांचे बेडूक पहिल्या महिन्यातच आजारी पडतात.

नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते बेडकाच्या त्वचेला आणि स्पंजमधल्या जिवाणूंना, दोघांनाही मारक. बादली उघडी ठेवून चोवीस तासांनी पाणी वापरलं तर साधं क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र असं जात नाही, म्हणून मी अँटिक्लोरीनचे थेंब घालतेच. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर क्लोरीनची मात्रा वाढवतात, नळ उघडताच वासावरून कळतं. त्या दिवसांत टँकचं पाणी बदलायची घाई करू नका, आधी भरून ठेवलेलं वापरा.

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं. थोडं जड पाणी हे बेडूक सहन करतात. पीएच साडेसहा ते पावणेआठच्या दरम्यान असला की पुरे, आणि तो रोज वरखाली होण्यापेक्षा स्थिर असणं जास्त मोलाचं. आरओचं पाणी नुसतं कधीच भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फारच जड पाणी असेल तर अर्धं-अर्धं मिसळा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तेव्हा ते कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. ते आधी टेस्ट किटने तपासायचं.

तापमान

२४ ते २६ अंश. नाशिकमध्ये दोन्ही टोकं बघायला मिळतात. थंडीत शेजारच्या निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या आठवड्यांत हीटरशिवाय भागत नाही. तीस लिटरला ५० वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. त्यावर प्लॅस्टिकची जाळी बसवा, कारण बेडूक उबेला चिकटून बसतात आणि भाजतात. थर्मामीटर वेगळा लावा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका.

उन्हाळा जास्त कठीण. पाणी तीसच्या वर गेलं की बेडूक मलूल होतात, खाणं सोडतात. टँक खिडकीपासून आणि गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीपासून दूर घ्या. झाकणाच्या जागी जाळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. माठातलं पाणी जसं बाष्पीभवनाने गार होतं, तसंच इथेही दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पाणी रोज थोडं आटेल, तेवढं क्लोरीन काढलेलं पाणी घाला. बर्फाचे खडे थेट टाकू नका, एकदम गार झालेलं पाणीही तितकंच त्रासाचं.

दुकानात काय बघायचं

पुढच्या पायाची बोटं. ड्वॉर्फ बेडकाच्या चारही पायांना पडदे असतात. पुढची बोटं सुटी, पडद्याविना दिसली आणि डोळे डोक्याच्या वर असले, तर तो झेनोपस, म्हणजे याच्याहून बराच मोठा होणारा दुसरा आफ्रिकन बेडूक. त्याची पिल्लं, विशेषतः पांढरी-गुलाबी, याच नावाखाली खपवली जातात. झेनोपसची मादी दहा-बारा सेंटीमीटर वाढते आणि तोंडात मावेल ते सगळं गिळते, तुमच्या ड्वॉर्फ बेडकांसकट. एकेकाळी गर्भधारणेच्या चाचणीसाठी जगभरच्या प्रयोगशाळांत याच झेनोपसच्या माद्या पाळल्या जात. तो प्राणी वाईट नाही, त्याचा टँक वेगळा हवा इतकंच.

निवडताना अंग भरलेलं, कातडी सलग, जाळी जवळ नेली की झटकन पळणारा बेडूक घ्या. नितंबाची हाडं वर आलेली असली किंवा अंगावर कापसासारखे पुंजके दिसले तर त्या टँकमधला एकही घेऊ नका. ज्या टँकमध्ये बेडकांसोबत चपळ मासे भरलेत, तिथले बेडूक आधीच उपाशी असण्याची शक्यता मोठी.

घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्या, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला आणि बेडूक मऊ जाळीने उचला. दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. घरात आधीचे बेडूक असतील तर नव्यांना निदान महिनाभर, जमलं तर तीन महिने वेगळ्या टँकमध्ये ठेवा. त्या टँकची जाळी आणि ड्रॉपरही वेगळे. पहिले दोन-तीन दिवस ते लपून राहतात, खात नाहीत. त्यांना राहू द्या.

जेवण

मी रंग न दिलेली, बिनचकाकीची भाजक्या मातीची मोठी पणती रात्रभर पाण्यात भिजवून टँकच्या एका कोपऱ्यात ठेवते. हेच त्यांचं ताट. कुंडीखालची छोटी बशीही चालेल. पणतीमुळे खाणं वाळूत हरवत नाही, बेडकांना जागा कळते आणि उरलेलं उचलता येतं.

मुख्य खाणं म्हणजे गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या. मत्स्यदुकानात त्याच्या वड्यांचा पत्रा मिळतो. एक वडी म्हणजे तीन बेडकांना दोन-तीन वेळचं खाणं. लागेल तेवढा तुकडा कापून वाटीत टँकच्या पाण्यात दहा मिनिटं विरघळू द्या. मग चहाच्या गाळणीत धुवा, लाल पाणी टँकमध्ये गेलं की ते नासतं. ही गाळणी स्वयंपाकघरात परत न्यायची नाही. एअर पंप बंद करा. सुई काढलेल्या सिरिंजला हातभर एअर-नळी जोडा आणि अळ्या हलकेच पणतीत सोडा. आधी एखादी अळी बेडकाच्या नाकासमोर हलवली की त्याला वास लागतो.

मग बसून बघा. हा वेळ वाचवू नका, कारण कोण खातोय आणि कोण नाही हे कळण्याची दुसरी वाट नाही. माझ्या बेडकांना महिनाभरात कळलं की नळी दिसली म्हणजे जेवण. आता मी सिरिंज भरतानाच तिघं पणतीत येऊन बसतात, एकमेकांचे पाय चावतात, मग चूक कळून सोडतात. वीस मिनिटांनी उरलेलं शोषून घ्या आणि पंप परत चालू करा.

दोन सेंटीमीटरपेक्षा लहान पिल्लांना रोज, मोठ्यांना दिवसाआड. जेवल्यावर पोट किंचित गोल दिसावं, फुगा नव्हे. नुसत्या ब्लडवर्मवर भागवू नका. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेला आर्टेमिया किंवा डाफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्या. खत-औषध न घातलेल्या कुंडीतलं बारीक गांडूळ धुऊन, चिरून दिलं तर मेजवानीच. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटाराच्या पाण्यातून येतात, मी ते वापरत नाही. वाळवलेल्या ट्युबिफेक्सच्या वड्या तरंगतात आणि पोटात फुगतात. मटण-चिकनचे तुकडे, पाव, माशांचे तरंगणारे दाणे हे त्याचं अन्न नाही. डासांच्या अळ्या बेडकांना फार आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साचवून डेंग्यूला आमंत्रण देऊ नका.

यावरून सोबत्यांचा प्रश्नही सुटतो: बेडकांचा टँक बेडकांचाच असावा. फार तर गोगलगायी. गोल्डफिश, टेट्रा, गप्पी सगळे त्यांच्या तोंडचा घास पळवतात, आणि गप्पीची पिल्लं बेडूक खातात.

आठवड्याची कामं

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. सायफनने तळाची घाण ओढून घ्या. महिन्यातून एकदा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर महिनाभर जमवलेले जिवाणू एका मिनिटात मरतात आणि आठवड्यात अमोनिया चढतो. बरेच जण सगळं रिकामं करून साबणाने टँक धुतात आणि त्याला स्वच्छता समजतात. ते कधीही करू नका.

वीज गेली तर बेडूक माशांपेक्षा जास्त तग धरतात, कारण ते वरची हवा घेतात. पण स्पंज फार तास बंद राहिला की आतले जिवाणू गुदमरतात. वीज येताच स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून परत लावा.

खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे वापरू नका. त्यांतली रसायनं पाण्यातल्या जिवांना अतिशय घातक असतात आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टँक झाकून पंप बंद ठेवा, खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच सुरू करा.

हे आजार नाहीत

चारही पाय पसरून बेडूक पाण्यावर निश्चल तरंगतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेलाच वाटतो, पण ती त्याची विश्रांती आहे. काही आठवड्यांनी तो कात टाकतो, पातळ पांढरं आवरण अंगावरून ओढून खाऊन टाकतो. रात्री टँकमधून बारीक घूं-घूं ऐकू आली तर नर मादीला साद घालतोय. नराच्या पुढच्या पायामागे, काखेपाशी छोटा फिकट ठिपका असतो. मादी त्याच्याहून गोल आणि मोठी.

हे आजार आहेत

अंग फुग्यासारखं फुगून पाय बाजूला फेकले गेले तर तो जलोदर. मांड्यांच्या आतली त्वचा लालभडक झाली तर जिवाणूंचा संसर्ग. कापसासारखे पुंजके म्हणजे पाण्यातली बुरशी, बहुधा जखमेवर येते. सगळ्यांत भीतीदायक कायट्रिड बुरशी: बेडूक खाणं सोडतो, कातडी ठिगळांसारखी सुटत राहते, आणि जन्मभर पाण्यात राहणारा हा जीव पाण्याबाहेर, झाडाच्या पानावर चढून बसू पाहतो. हे दिसलं की त्याच दिवशी त्याला वेगळं करा. बोटभर उथळ, स्वच्छ, योग्य तापमानाच्या पाण्यात ठेवा आणि टँकचं पाणी तपासा. अमोनिया चढलेला असेल तर आधी पाणी बदला.

दुकानातलं माशांचं औषध अंदाजाने घालू नका. तांबं, मॅलकाइट ग्रीन, फॉर्मलिन असलेली औषधं बेडकाच्या त्वचेतून थेट आत जातात. कायट्रिडवर इट्राकोनॅझोलच्या सौम्य द्रावणात रोज काही मिनिटं ठेवण्याचा उपाय आहे, पण त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. बेडूक तपासणारा डॉक्टर तुमच्या गावात आहे का हे आजच विचारून ठेवा, आजारपणात शोधायला वेळ नसतो.

हात, मुलं आणि सांडपाणी

२००८ ते २०११ या काळात अमेरिकेत याच बेडकांमुळे सॅल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंची साथ पसरली होती. ४० हून जास्त राज्यांत लोक आजारी पडले, त्यांत बहुसंख्य लहान मुलं. निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या पाण्यातही हे जिवाणू असू शकतात. टँकचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. टँकला हात लावण्याआधी नुसत्या पाण्याने, नंतर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी बघावं, हात घालू नये.

काढलेलं पाणी संडासात ओता. ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात नाही. आणि कंटाळा आला म्हणून बेडूक कुठल्या तळ्यात सोडायचा विचारही करू नका. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत. आपल्या सह्याद्रीत जगात इतरत्र कुठेही न सापडणारे बेडूक आहेत, आणि पश्चिम घाटात या बुरशीची नोंद झालेली आहे. तिथे आणखी रोग नेण्याचा आपल्याला हक्क नाही. सोडलेल्या झेनोपसनी कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्समध्ये ठाण मांडलेलं आहेच. ठेवणं शक्य नसेल तर दुसरा जाणकार पाळणारा शोधा. उलट बाजूही सांगते: पावसाळ्यात डबक्यातला पिवळा मोठा बेडूक पकडून मुलांसाठी टँकमध्ये आणू नका. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे.

गावाला जाताना

सुदृढ मोठा बेडूक चार-पाच दिवस खाण्याशिवाय सहज राहतो. दिवाळीत तेवढेच दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगूच नका. प्रेमापोटी लोक मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. जास्त दिवस असतील तर ब्लडवर्मचे तुकडे एकेका वेळचे कापून, तारखा लिहिलेल्या छोट्या डब्यांत भरून शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकदा त्यांच्यासमोर खाऊ घालून दाखवा. सिरिंज, नळी, गाळणी टँकशेजारी. हीटर आणि पंपाच्या बटणांवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत दुसरी: 'लगेच लावा, फट राहिली का बघा.'